जुन्या प्लिमथ-डॉजचं सहा सिलिंडरचं इंजिन: आधी पाणी, मग बाकी सगळं

आमची १९५० सालची प्लिमथ खंबाटकी घाटात सलग तीन उन्हाळे उकळली. दोनदा रेडिएटरची जाळी बदलून झाली, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडून नवं गॅस्केट टाकून झालं, एका गॅरेजनं तर थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत ते रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून हातात दिला आणि "आता नाही तापणार" म्हणून सांगितलं. चौथ्या वर्षी मी वॉटर पंप काढला आणि त्याच्या मागच्या भोकात बोट घातलं. हाताला गंजाचा भुगा लागला. तिथे ब्लॉकच्या पोटातून शेवटच्या सिलिंडरपर्यंत जाणारी पत्र्याची नळी असायला हवी होती. ती कधीच विरघळून गेली होती. ही नळी बसवल्यावर गाडी त्याच घाटात, त्याच एप्रिलमध्ये, तापमानाचा काटा मध्यावर ठेवून चढली.

या इंजिनाचे बहुतेक आजार बाहेरून दिसतात एक आणि असतात भलतेच. म्हणून पाना हातात घेण्याआधी कामाचा क्रम ठरलेला असावा. मी जो पाळतो तो पुढे दिला आहे.

इंजिन कोणतं आहे ते आधी पक्कं करा

प्लिमथच्या गाड्यांत हे साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये) सहा सिलिंडरचं इंजिन १९३३ पासून १९५९ पर्यंत होतं. डॉज, डिसोटो आणि क्रायस्लरमध्ये त्याचीच भावंडं. मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या जोडल्या, त्यामुळे आपल्याकडे त्या बऱ्याच होत्या. पुढे पेट्रोल महागलं तसं अनेकांनी मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं. काही गाड्यांत नंतर पुन्हा पेट्रोलचं आलं, पण ते ट्रकचं किंवा दुसऱ्याच गाडीचं. तेव्हा कागदपत्रांवर विसंबू नका. डायनॅमोच्या वर, हेडच्या खाली ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते, तिच्यावरचा नंबर वायर ब्रशनं साफ करून वाचा.

मग टेपनं हेडची लांबी मोजा. ती २३ इंचांच्या आसपास असेल तर अमेरिकी प्लिमथ-डॉजचा लहान ब्लॉक, २५ इंच असेल तर क्रायस्लर-डिसोटोचा किंवा कॅनडात बनलेला मोठा ब्लॉक. इथे फसगत होते ती आकड्यामुळे. अमेरिकी २१८ घनइंच इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वातीन इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४ ३/८ इंच, तर कॅनडाच्या २१८ चा बोअर ३ ३/८ आणि स्ट्रोक ४ १/१६ इंच. दोन्ही साधारण ३.६ लिटरची, पण एकाचं गॅस्केट, पिस्टन किंवा रिंगा दुसऱ्याला होत नाहीत. परदेशातून माल मागवताना ही एक टेप तुमचे हजारो रुपये वाचवते.

सुट्या भागांची चिंता वाटते तेवढी करू नका. हेच इंजिन डॉज आणि फार्गोच्या ट्रकांत, फोर्कलिफ्टमध्ये, शेतीच्या यंत्रांत, वेल्डिंगच्या सेटवर गाड्या बंद झाल्यानंतरही चाललं. रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग शेल, गॅस्केट अजून मिळतात.

उघडण्याआधी मोजा

गाडी चालू होत असेल तर पूर्ण गरम होईपर्यंत चालवा आणि तीन गोष्टी वहीत लिहा.

पहिली ऑइलचा दाब. रस्त्यावर ३० मैलांच्या वेगाला ३० ते ४५ पौंड आणि गरम इंजिन सावकाश चालताना १५ च्या आसपास असेल, तर खालची बाजू शाबूत आहे. ती पूर्ण उघडायचं मनातून काढून टाका.

दुसरी व्हॅक्यूम. इनटेक मॅनिफोल्डला (कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांना) गेज जोडा. समुद्रसपाटीला १७ ते २१ इंचांवर स्थिर काटा चांगला समजतात. उंचीच्या दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. पुणे आणि कोल्हापूर दोन्ही सुमारे साडेअठराशे फुटांवर आहेत, म्हणजे मुंबईत १९ दाखवणारं इंजिन इथे १७ दाखवेल. तो बिघाड नव्हे. काटा ठरावीक तालात खाली झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. काटा स्थिर पण नेहमीपेक्षा खाली असेल तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे आहे किंवा कुठेतरी हवा ओढली जाते आहे.

तिसरी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली असू द्या. इथे मोठ्या आकड्यापेक्षा सहाही आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. शंभर पौंडांच्या थोडं वर सगळे सारखे आले तर समाधान माना. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलं आहे. एकटाच पडला असेल तर बहुधा व्हॉल्व्ह. सगळेच हळूहळू पडत असतील तर रिंगा आणि बोअर.

गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर सेल्फ मारूच नका. प्लगच्या भोकांतून पातळ ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग हँडलनं हातानं फिरवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीत वळवू नका. उलटा झटका आला तर अंगठा वाचतो. हँडल अडलं तर जोर लावू नका. या इंजिनात उभ्या गाडीचे व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटतात, आणि जोर केला की कॅम किंवा टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला तुकडा) दुखावतो.

पाणी

हे काम मी कोणत्याही गाडीत सगळ्यात आधी करतो, गाडी तापत नसली तरी. साइड व्हॉल्व्ह इंजिनात एक्झॉस्टचा जाळ ब्लॉकच्या आतून वळून बाहेर पडतो, म्हणून व्हॉल्व्हच्या सीटभोवती पाणी पोचलंच पाहिजे. त्या कामासाठी ती लांब नळी असते. पंपाचं थंड पाणी तिच्यातून शेवटपर्यंत जातं आणि प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळच्या भोकातून बाहेर येतं. नळी गंजली की पाणी पुढच्या दोन सिलिंडरांपाशीच वर चढून रेडिएटरला परत जातं. काटा कधीकधी ठीक दाखवतो, आणि मागे पाच-सहा नंबरचे व्हॉल्व्ह जळत असतात.

ओळखायचं कसं? इन्फ्रारेड थर्मामीटर आता कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गाडी गरम करा आणि हेडवर पुढून मागे सहा ठिकाणी तापमान घ्या. मागचं टोक पुढच्यापेक्षा ठळक गरम असेल तर नळी गेली असं धरून चाला.

काम असं. इंजिन थंड असताना रेडिएटर रिकामा करा आणि ब्लॉकचा मागचा नळ उघडा. नळातून पाणी आलं नाही, तर तिथपर्यंत गाळ चढला आहे. तारेनं टोचत राहा. मग ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग, त्या पत्र्याच्या वाट्या, छन्नीनं मध्ये भोक पाडून उचकटून काढा. आत चमचा घालून गाळ काढा. हो, खरंच चमचा. आमच्या ब्लॉकमधून दोन डबे चिखल निघाला, ओतकामाच्या वेळची वाळूसुद्धा त्यात होती. नंतर पाण्याची नळी लावून भोकाभोकातून उलटसुलट धुवा, पाणी नितळ येईपर्यंत.

आता रेडिएटर आणि पंप उतरवा. नळीचं तोंड पंपामागे दिसेल. तिची भोकं कोणत्या दिशेला आहेत याची खूण आधी करून घ्या, फोटो काढा. सहा मिलिमीटरच्या सळईला आकडा वळवून पहिल्या भोकात अडकवा, गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी सरळ रेषेत ओढा, वाकडं नको. तुटलीच तर लांब पकडीनं तुकडे एकेक करून बाहेर काढा आणि ते जमिनीवर मांडून पूर्ण लांबी भरते का बघा. आत राहिलेला तुकडा नव्या नळीला शेवटपर्यंत जाऊ देणार नाही.

नवी नळी पितळेची घ्या. मागवता आली नाही तर जुन्या नळीवरून बनवून घेता येते, फक्त भोकांची जागा आणि माप तंतोतंत हवं. म्हणून जुनी, कितीही कुजलेली असो, नवी बसेपर्यंत फेकू नका. आमची नळी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरमध्ये झाली. तिथल्या टर्नरना नमुना दाखवला की पुढचं फार सांगावं लागत नाही.

कोअर प्लगही पितळेचेच. खाच वायर ब्रशनं चकाकेपर्यंत घासा, कडेला सीलंटचा पातळ हात द्या, वाटीचा फुगवटा बाहेर ठेवून बसवा आणि गोल तोंडाच्या हातोडीनं बरोबर मध्ये एक ठोका द्या. फुगवटा थोडा बसला की कडा पसरून घट्ट होते. फार ठोकलात तर वाटी आत वळते आणि पुन्हा गळते.

थर्मोस्टॅट जागेवर हवाच. तो काढला की पाणी रेडिएटरमधून इतक्या भरभर पळतं की इंजिन गावात थंड राहतं, ऑइलमध्ये ओल साठते आणि बोअर झिजतात. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर घालून तो ७० अंशांच्या पुढे उघडतो की नाही ते बघा. रेडिएटरला आजच्या गाडीचं १३-१५ पौंडांचं झाकण लावू नका. जुनी जाळी आणि पंपाचं सील त्या दाबासाठी बनलेलं नाही. भरताना बोअरवेलचं पाणी अजिबात नको, त्यातल्या क्षारांनीच हा गाळ होतो. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक असलेला कूलंट, दर दोन वर्षांनी नवा.

करंट

१९५५ पर्यंतच्या या गाड्या सहा व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक चॅसीला. नव्या मुलांना हे माहीत नसतं आणि ते सवयीनं उलटं जोडतात. कॉइलचं ऋण टोक इग्निशन स्विचकडे आणि धन टोक डिस्ट्रिब्यूटरकडे हवं. उलटं जोडलं तरी गाडी चालते, पण ठिणगी कमजोर पडते आणि भाराखाली मिस मारते.

"सहा व्होल्टची गाडी गरम झाली की सेल्फ उचलत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि दर वेळी बॅटरीची केबल बारा व्होल्टच्या गाडीची, बारीक, निघाली आहे. तेवढंच काम निम्म्या व्होल्टवर करायचं तर करंट दुप्पट लागतो, आणि तो बारीक तारेत वाया जातो. वेल्डिंगची जाड केबल घ्या, टोकं नीट दाबून झाळा, आणि इंजिन ते चॅसी वेगळी जाड अर्थ द्या. सेल्फ मारताना बॅटरीचं अर्थचं टोक आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये मीटर धरा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ अजून कच्ची आहे. एवढं केलं की बारा व्होल्ट करून घेण्याचा विचार आपोआप मागे पडतो, आणि मूळ डायनॅमो, मीटर, दिवे वाचतात.

पॉइंटची (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट २० थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगची फट २५ थाउ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि फिलर गेज त्याच मापाचं घ्या, पुस्तकातले आकडे त्यातच आहेत. पॉइंट घासून वापरण्यापेक्षा नवे टाका. रबिंग ब्लॉकला ग्रीसचा कण लावायला विसरू नका, नाहीतर महिनाभरात फट मिटते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४.

टायमिंगसाठी या इंजिनात एक सुंदर सोय आहे. हेडवर सहाव्या सिलिंडरवर एक छोटा पाइप प्लग असतो. तो काढून तार आत सोडा आणि हँडल फिरवा. तार वर येते, क्षणभर थांबते, पुन्हा उतरू लागते. ती थांबते तिथे पिस्टन वरच्या टोकाला. एक आणि सहा एकाच वेळी वर येतात, तेव्हा रोटर त्या दोहोंपैकी कोणाकडे बघतो आहे ते तपासा. डँपरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकाची) खूण वर्षांनुवर्षं सरकून खोटी झालेली असते, ही तार खोटं बोलत नाही. वरच्या टोकापासून सुरुवात करा. मग रस्त्यावर टॉपमध्ये सावकाश वेगातून अॅक्सिलरेटर दाबून बघा. टिक-टिक ऐकू येईपर्यंत टायमिंग थोडं थोडं पुढे घ्या आणि तिथून जरासं मागे. सातच्या आसपासच्या कॉम्प्रेशन रेशोला आजचं साधं पेट्रोल पुरून उरतं, महागडं टाकायची गरज नाही.

पेट्रोल

शिसंविरहित पेट्रोलची भीती या इंजिनापुरती सोडून द्या. एक्झॉस्टच्या सीटमध्ये कारखान्यातूनच कडक धातूच्या कड्या बसवलेल्या आहेत. खरा त्रास इथेनॉलचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराचा डायफ्राम, होज आणि टाकीतला गंज तिघांनाही ते सोलून काढतं. पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि सगळे होज इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या, टाकी आणि कार्बोरेटरमध्ये काचेचा फिल्टर टाका आणि पहिले दोन महिने तो दर आठवड्याला बघा. गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

कार्बोरेटर एकनळी 'बॉल अँड बॉल' जातीचा असेल तर त्याच्या अॅक्सिलरेटर पंपाचा वायसर चामड्याचा असतो. तो वाळला की अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. बदलण्याआधी रात्रभर पातळ ऑइलमध्ये भिजवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधली ती उष्णता वळवणारी झडप हातानं हलवून बघा. ती बंद अवस्थेत जाम असेल तर कार्बोरेटरच्या बुडाशी सतत शेगडी पेटलेली असते, आणि उन्हाळ्यात गाडी सिग्नलला बंद पडते. लोक त्याला पेट्रोल पंपाचा दोष समजतात. तिचा आस रॉकेल आणि ग्रॅफाइटनं मोकळा करा.

टॅपेट आणि हेड

टॅपेट जुळवणं हे या इंजिनातलं सगळ्यात अवघड जागेचं काम आहे, अवघड कौशल्याचं नाही. मॅनिफोल्डच्या बाजूचं पुढचं चाक आणि आतला चिखलपत्रा काढा, मग टॅपेट खोलीची दोन झाकणं समोर येतात. इंजिन गरम असताना इनटेकला ८ थाउ आणि एक्झॉस्टला १० थाउ. पातळ टॅपेट पाने हवेत, साधे तिथे शिरत नाहीत. पुस्तकात इंजिन चालू ठेवून जुळवायला सांगितलं आहे. पहिल्यांदा करणाऱ्यानं बंद इंजिनवर, फायरिंग ऑर्डरनं १२० अंश फिरवत, एकेक सिलिंडर करावा. हाताला मॅनिफोल्डचे चटके बसतात, जाड बाह्यांचा शर्ट घाला. आवाज ऐकून टॅपेट घट्ट करू नका. थोडा खडखडाट असलेला एक्झॉस्ट टिकतो, अगदी गप्प बसलेला जळतो.

कॉम्प्रेशननं सांगितलं असेल तरच हेड काढा. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ते नुसतं झाकण आहे, त्यामुळे काम सोपं. काही बोल्ट पाण्यात उतरतात, ते गंजून तुटतात. आदल्या दिवशी ऑइल मारा, सोडवताना पुढे-मागे करत सोडवा. पाचर घालून हेड उचकटू नका. प्लग परत लावून सेल्फ मारा, कॉम्प्रेशन हेड उचलून देतं.

व्हॉल्व्ह काढण्याआधी टॅपेट खोलीतून संपकडे (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याकडे) जाणारी भोकं फडक्यानं घट्ट बंद करा. व्हॉल्व्हचं एक लॉक आत पडलं तर संप उतरवावा लागतो, मी तो उतरवला आहे. व्हॉल्व्ह आणि सीट पेस्टनं घासून सलग करडी रेघ आली की पुरे. हेडवर सरळपट्टी ठेवून मध्ये चार थाउची पाती शिरते का बघा. शिरली तर सरफेस करून घ्या. बसवताना पाण्यातल्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट, मग मध्यापासून बाहेरच्या दिशेनं तीन टप्प्यांत ३५, ५० आणि शेवटी ६५ ते ७० फूट-पाउंड. किलोच्या टॉर्क पान्यावर ते सुमारे ९ ते ९.७ येतं.

खालची बाजू

ऑइलचा दाब चांगला असेल तरी एकदा संप उतरवून धुवा. तळाशी चार बोटं काळा खरवड निघाला तर आश्चर्य नको. मूळचा ऑइल फिल्टर बायपास पद्धतीचा आहे, सगळं ऑइल त्यातून जात नाही. म्हणून २०-डब्ल्यू-५० ऑइल नवं भरायचं, दर दोन हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल ते. भरायचं सुमारे ४.७ लिटर. संप उतरलेलाच आहे तर एक-दोन कनेक्टिंग रॉडच्या टोप्या काढून शेल बघा. करडे आणि गुळगुळीत असतील तर परत बसवा. तांबूस रंग दिसला तर क्रँक मोजायला द्या. बोअरच्या वरच्या काठाला नखाला अडणारी पायरी असेल तर पिस्टन वर ओढण्याआधी ती पायरी रीमरनं काढा, नाहीतर रिंगा आणि पिस्टन फुटतात. रीबोअर, क्रँक ग्राइंडिंग ही कामं मशीन शॉपची. तुमचं काम एवढंच की आधी पिस्टन आणि शेल हातात आणा आणि मगच ब्लॉक कापायला द्या.

हेड उघडलेलं असेल तर पहिल्या गरम-थंड फेरीनंतर टॉर्क पुन्हा बघा, पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा, आणि त्याच वेळी टॅपेटही. आम्ही तेव्हा दुसऱ्या फेरीला तीन बोल्ट जवळजवळ पाव फेरा घेतले होते.